हात सुटला की थांबणारं मशीन

शनिवारी संध्याकाळी सुधाकररावांनी मेवालालची तक्रार केली, तीही हसत हसत. राजधानीच्या द्वारका भागातल्या त्या सोसायटीत मेवालाल माळी म्हणून आला त्याला सहा वर्षं झाली होती, आणि गवत कापायच्या विजेच्या मशीनचे सगळे धडे त्याला सुधाकररावांनीच दिले होते. आधी हिरवळीवरून चालत जाऊन दगड-काटक्या वेचायच्या. पायांत बंद बूट. ओल्या गवतावर मशीन लावायचं नाही, अंगाकडे ओढायचं नाही. पात्यात काही अडकलं तर आधी प्लग काढायचा, मग हात घालायचा. सुधाकररावांची पस्तीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत, कारखान्यांची सुरक्षा तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर शिकवायला एक मेवालालच उरला होता.

"माझाच विद्यार्थी मला नापास करतोय," ते लेकीला, मयुराला, म्हणाले. "आजही दोरी सोडून ठेवली बेट्याने. वर मलाच ऐकवतो, साहब, आपने ही तो सिखाया था."

दोरीचं प्रकरण असं होतं. मशीनच्या दांड्याला एक आडवी कांब असते. ती मुठीत दाबून धरली तर पातं फिरतं, हात सुटला की थांबतं. चालवणारा पडला-झडला तर मशीनने आपणहून थांबावं, एवढ्यासाठीच ती असते. पण सुधाकररावांचे हात वर्षभरापासून थरथरत होते. कांब दाबून धरवत नसे, मशीन मिनिटामिनिटाला बंद पडे, आणि बाकावर बसलेली माणसं मुद्दाम दुसरीकडे पाहत. रविवारी सकाळी इमारतीपुढची हिरवळ स्वतः कापायची, हा एकच हट्ट त्यांनी धरून ठेवला होता. थरथरीचं नाव घरात कोणी काढत नसे. चहा अर्धा कपच ओतला जाऊ लागला, बटणांचे सदरे जाऊन टी-शर्ट आले, सगळं न बोलता. तसंच न बोलता एका रविवारी मयुराने ती कांब सुतळीने दांड्याला बांधून दिली. मेवालालने ती दोनदा सोडली.

त्या शनिवारी तिने ऑफिसच्या बॅगेतून वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी काढली. ही एकदा ओढली की सुटत नाही, कापावीच लागते. खाली जाऊन तिने ती करकचून आवळली. मेवालाल नळाशी पाइप गुंडाळत होता. दीदी, ये मत कीजिए, म्हणाला. साहेबांचं मन राहील, असं काहीतरी सांगून ती वर आली. रात्री सुधाकरराव दोन पोळ्या जास्त जेवले. "आज कुठली बढती मिळाली म्हणायची?" मयुराच्या आईने, साधनाताईंनी, विचारलं. बापलेक एकमेकांकडे बघून हसले. दोघांनीही काही सांगितलं नाही.

पहाटे एक सर येऊन गेली. गवत ओलं होतं, तरी सुधाकरराव साडेसातला खाली उतरले. मयुरा चहाचा कप घेऊन पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभी होती. कुंपणाजवळच्या उतारावर ते मशीन अंगाकडे ओढताना तिला दिसले. मग पाय घसरला. हात सुटला. मशीन थांबलं नाही.

ती जिन्यावरून धावत खाली पोचेपर्यंत, नुकत्याच आलेल्या मेवालालने सायकल टाकून प्लग उपटला होता. पायाच्या जखमेचं विष अंगात भिनलं. गुरुवारी सकाळी सुधाकरराव गेले. मधल्या चार दिवसांत ते शुद्धीवर असे आलेच नाहीत.

पट्टी सगळ्यांनी पाहिली. मशीन माळ्याच्या ताब्यातलं, म्हणजे ही आळशीपणाची युक्ती माळ्याचीच, असं सोसायटीचे सेक्रेटरी खुराना यांनी ठरवून टाकलं. साधनाताईंनी ते शब्दशः उचललं. त्या रडल्या नव्हत्या. सकाळी उठल्यापासून मेवालालला बोल लावत आणि त्या संतापाच्या जोरावरच दोन घास खात. मयुराने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा इस्पितळाच्या व्हरांड्यात, एकदा अस्थी विसर्जन करून गढगंगेहून परतताना गाडीत. दोन्ही वेळा "आई" म्हणून ती थांबली. दुसऱ्या वेळी साधनाताईंनी तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, तू आहेस म्हणून मी आहे गं. त्यानंतर तर बोलायची सोयच उरली नाही.

दहाव्या दिवशी मेवालाल दाराशी येऊन गेला. साधनाताईंनी त्याला आत घेतलं नाही. त्याने मयुराकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो गप्प होता. बोलून तरी त्याचं कोण ऐकणार होतं?

तेरावं झाल्यावर खुराना कागद घेऊन आले. मेवालालला कामावरून काढायचं आणि निष्काळजीपणाबद्दल पोलिसांत तक्रार द्यायची. भाभीजींची एक सही हवी होती. मेवालाललाही बोलावून घेतलं होतं. तो चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा होता. साधनाताईंनी चष्मा लावला, कागद वाचलाही नाही, पेन उघडलं.

मयुराने कागदावर हात ठेवला. हिंदीत बोलणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

"अंकल, वो पट्टी मैंने बाँधी थी. मेवालाल ने तो मना किया था."

खुराना हसल्यासारखं करून म्हणाले, बेटा, तू सदमे में है. बाहेर मेवालालने भिंतीला हात टेकला. साधनाताईंनी पेन तसंच धरून लेकीकडे पाहिलं.

"काय म्हणतेस तू?"

आता घरच्या भाषेत सांगायचं होतं. मयुरा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आईच्या चेहऱ्याकडे तिला बघवेना, म्हणून ती कागदाकडे बघत बोलली.

"आई, मी बांधली. मेवालालने दोनदा सोडली होती, म्हणून सुटणार नाही अशी बांधली. बाबा, तुमचे हात थरथरतात, आता मशीन नको, एवढं एक वाक्य मला त्यांच्याशी बोलता आलं नाही."