लाकडी गाडीची पुढची बाजू

मी सीट बनवते. ताशी तीनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीतली सीट. लोकांना त्या गाडीचं लांबलचक नाक तेवढं माहीत असतं. फोटो त्याचेच निघतात, आणि ते नाक बनवणारी मंडळी आमच्या कारखान्यात नाक वर करूनच फिरतात. नाकावर चार तास कोणी बसत नाही, हे मी त्यांना अधूनमधून ऐकवत असते.

माझी सीट वळते. खालचं पेडल पायाने दाबलं की दोन सीटची जोडी गर्रकन फिरून उलट्या दिशेला तोंड करते. या गाड्यांना दोन्ही टोकांना नाक असतं. शेवटच्या स्टेशनवर गाडी वळत नाही, ती तशीच उलटी निघते. मग सगळ्यांनी आपापली सीट वळवायची आणि पुन्हा पुढे तोंड करून बसायचं. या सीटवर माझी तीन वर्षं गेली होती. पण ज्या देशाला आम्ही या वेळी गाड्या विकणार होतो, तिथे सीट पक्क्या बसवलेल्या असतात. निम्मे प्रवासी पुढे बघतात, निम्मे मागे, आणि त्यांचं काही अडत नाही. अडत होतं ते आमच्याच एका गृहस्थाचं. गाडीचं वजन सांभाळणं हे त्याचं काम, म्हणून आम्ही त्याला वजनकाटा म्हणतो.

"तुझी एक जोडी पक्क्या जोडीपेक्षा अकरा किलोने जड आहे," तो म्हणायचा. "अख्ख्या गाडीत सहा टन. म्हणजे एक हत्ती बिनतिकीट! तीनशेच्या वेगाने त्याला रोज फिरवायचा कशासाठी?"

मी म्हणायचे, "उलटं बसून लोकांच्या पोटात ढवळतं म्हणून."

"तुझ्या पोटात ढवळतं. त्यांच्या नाही."

शेवटी ठरलं, की बसून बघण्याच्या दिवशी काय तो निकाल लागू दे. हा आमच्याकडचा जुना रिवाज. नवी गाडी बनवण्याआधी तिचा एक डबा प्लायवुडचा करायचा, अगदी खऱ्या मापाचा. डिझाइन बाहेर फुटू नये म्हणून त्यात बसायला परकी माणसं आणायची नाहीत. कारखान्यातल्या लोकांचे आईबाप, सासूसासरे, काका, माम्या यांनाच बोलवायचं, आणि जागचं न हलता चार तास प्रवास करायला लावायचं. या वेळी निम्म्या जोड्या एका टोकाकडे आणि निम्म्या दुसऱ्या टोकाकडे तोंड करून ठेवायच्या होत्या. लोकांनी उलट्या जोड्या वळवून घेतल्या तर माझी सीट राहणार होती. नाही घेतल्या तर तिची रवानगी भंगारात. गाड्या विकत घेणारी मंडळी हे बघायला स्वतः येणार होती.

मी माझ्या आईबाबांना आणलं. बाबा निवृत्त इंजिन ड्रायव्हर. लाकडी डबा दिसताच ते आधी वाकले आणि खाली बघायला लागले.

"चाकं कुठायत?"

"चाकं नाहीत, काका," डबा उभा करणारा सुतार म्हणाला. प्रत्येक अडचणीवर त्याचा एकच इलाज असतो, म्हणून त्याला आम्ही पाचर म्हणतो. "म्हणूनच ही आजवर कधी लेट झाली नाही."

बाबांना ते फारसं रुचलं नाही. ते आत आले, दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "गाडी कुठल्या बाजूला चाललीय?"

वजनकाट्याने माझ्याकडे बघितलं, मी पाचरकडे, पाचरने छताकडे. आमच्या सगळ्या नकाशांवर एका टोकाला 'एक नंबर' लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याला 'दोन नंबर'. दोन्हीकडे नाक असलेल्या गाडीला पुढची बाजू नसतेच, त्यामुळे 'पुढे' हा शब्दच आमच्या कारखान्यात कोणी उच्चारत नाही. तीन महिने तयारी केली, चाळीस प्रश्नांचे फॉर्म छापले, गाद्यांखाली तापमान मोजायची यंत्रं लावली. आणि प्रवाशांना गाडी कुठे चाललीय ते सांगायचं राहून गेलं. वरातीची सगळी जय्यत तयारी, फक्त नवरा कोण ते ठरवलेलं नाही!

"मी सांगतो," बाबा म्हणाले. "शेडचं मोठं दार त्या टोकाला आहे. गाडी बाहेर पडणार ती दारातूनच. पुढची बाजू ती."

"काहीतरीच!" रंगखात्यातल्या मुकादमाच्या सासूबाई उभ्या राहिल्या. "संडास या टोकाला ठेवलाय. पुढे संडास ठेवतात का कोणी? पुढची बाजू ती, हे खरं. पण तुमचं आपलं दारावरून ठरवणं..."

"अहो, मी पण तेच टोक म्हणतोय!"

"मग ओरडताय कशाला?"

तेवढ्यात मागून कोणाचे तरी मामा म्हणाले, की शेडचं दार उघडं आहे याचा अर्थ गाडी तिथून नुकतीच आत आलीय, तेव्हा ती जाणार उलट्या दिशेला. हे म्हणणं पुष्कळांना पटलं. डब्यात दोन तट पडले. पेडलं दाबली जाऊ लागली, जोड्या गरगर फिरू लागल्या, एकाचा टिफिन दुसऱ्याच्या मांडीवर गेला. तिघा काकांनी कुठलीच बाजू न घेता दोन जोड्या समोरासमोर केल्या आणि पत्त्यांचा डाव मांडला. ओळख ना पाळख, पण अर्ध्या तासात सगळे एकमेकांना नावं ठेवण्याइतके जवळचे झाले. मला हसू येत होतं, आणि बरोब्बर त्याच वेळी पाहुणे आत आले.

त्यांच्या प्रमुख एक बुटक्या, पिकल्या केसांच्या बाई होत्या. बरोबर दोन अधिकारी आणि एक दुभाषी. वजनकाट्याचा चेहरा खुलला.

"बघा," तो म्हणाला, "एवढी फिरवाफिरवी करूनही शेवटी निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि सगळे मजेत. मग वळवायची गरज काय?"

दुभाष्याने सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. तो म्हणत होता ते समोरच दिसत होतं.

तेवढ्यात धाड धाड आवाज आला. बाबांच्या शेजारची जागा सोडून माझी आई पुढच्या रिकाम्या जोडीपाशी उभी होती आणि सीटच्या पाठीला धरून, दोन्ही पायांनी पेडलवर उड्या मारत होती. तिसऱ्या उडीला जोडी फिरली. आई त्यात बसली, बाबांच्या अगदी समोर. म्हणजे बाबांनी ठरवलेल्या दिशेच्या बरोबर उलटी.

आता हिचंच तेवढं राहिलं होतं! मी धावले. "आई, काय करतेस? गाडी तिकडे चाललीय!"

"जाऊ दे की," आई म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

पाहुण्या बाई वही मिटून जवळ आल्या. त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं, की शेजारी चांगली जागा होती, मग एवढा खटाटोप कशाला?

आई जरा लाजली. "अहो, हे चौतीस वर्षं इंजिनात. मी कधी गाडीत बसले तर पार मागच्या डब्यात. एका गाडीने जायचो, पण एकत्र म्हणून कधी गेलो नाही. आज शेजारी बसले, तर नुसता यांचा कान दिसतोय. म्हटलं, चार तास हातात आहेत, तर जरा समोर बसून बघावं यांना."

दुभाषी आईकडे बघतच राहिला. बाईंनी त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा त्याने हळूहळू सगळं सांगितलं. धुक्यातसुद्धा सिग्नलवरून नजर न हलवणारे माझे बाबा एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर शेडची भिंत होती.

"इकडे बघा," आई म्हणाली. आणि बाबांनी बघितलं. मला इतका आनंद झाला, की सीटचं काय व्हायचं ते होवो असं क्षणभर खरंच वाटून गेलं.

बाईंनी वही पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "आमचा मार्ग सहा तासांचा आहे. घरच्या माणसांना सहा तास एकमेकांसोबत मिळतात कधी? ही सीट ठेवा."

"पण सहा टन?" वजनकाटा कळवळला.

"आमच्या अधिकाऱ्यांनी गाडीत एक भला मोठा बार मागितलाय. तो काढा." शेजारच्या अधिकाऱ्याचा चेहरा पडला. बाई माझ्याकडे वळल्या. "मात्र एक अट. या वयाच्या बाईला उड्या का माराव्या लागल्या?"

मला शरमेने मान खाली घालावी लागली. मुलांनी खेळता खेळता जोड्या फिरवू नयेत म्हणून मी पेडल अठरा किलोच्या दाबाचं ठेवलं होतं. तीन वर्षं ते रोज दाबून बघत होते, पण माझ्याच पायाने. ज्या आईने मला चालायला शिकवलं, तिचा पाय एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता.

त्याच दुपारी पाचरने दाब मोजायचा काटा आणला. आईने चप्पल काढली आणि कशाला न धरता, एका पायाने, जमेल तेवढं दाबलं.

"नऊ," वजनकाट्याने वाचलं आणि स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

"नऊच?" बाबा म्हणाले. "घरात मला चांगला नव्वदचा वाटतो."

मुलांसाठी मी वेगळा अडसर बसवला आणि पेडल नऊ किलोचं केलं. दोन वर्षांनी त्या देशात पहिली गाडी सुटली, तेव्हा त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. खरी गाडी, खरी चाकं, आणि बाहेरची शेतं मागे पळायच्या आधीच नाहीशी होत होती. बाबा वेग मोजण्यात गुंग होते. पलीकडच्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई उठल्या, सीटशेजारी उभ्या राहिल्या आणि एका पायाने पेडल दाबलं. जोडी अलगद फिरली. त्या आपल्या बहिणीसमोर बसल्या आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. सीटकडे त्यांनी परत बघितलंही नाही.

आई माझ्या कानाशी आली. "सांगू का गं त्यांना, तो माझा पाय आहे म्हणून?"

"सांग की."

भाषा येत नव्हती. आईने त्या बाईंना हाक मारली, पेडल दाखवलं, मग स्वतःचा पाय पुढे केला आणि अभिमानाने दाखवला. त्या बाईंना वाटलं, ही नवी चप्पल दाखवतेय. त्यांनी तोंडभर कौतुक केलं आणि आपलाही बूट पुढे करून दाखवला. मी हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि आई मला दटावत होती, की चार लोकांत असं रडू नये.