बिनफटीचं कॅबिनेट

फोनवर माझा दादा दोन वाक्यांत संपतो. "बरा आहे. जेवलो." नोकरीसाठी लांब गेल्यापासून हे असंच. पण रविवारी आम्ही दोघं ऑनलाइन गेम खेळायला बसलो की हाच माणूस बोलत सुटतो: रिकामी खोली, चिडका साहेब, न लागणारी झोप. समोरून गोळ्या यायला लागल्या की याला मन मोकळं करायचं सुचतं, त्याला मी काय करू? म्हणून गेमची नवी आवृत्ती आली आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरने तिच्यापुढे हात टेकले, तेव्हा मी बाबांना घेऊन थेट कॉम्प्युटरचं दुकान गाठलं. खेळ गेला असता तर चाललं असतं. दादा गप्प झाला असता.

पैसे बेताचेच होते. दुकानदाराने एकेक भाग काउंटरवर मांडला. प्रोसेसर मागच्या पिढीचा चालेल, म्हणाला, रॅम पुढे वाढवता येईल. ग्राफिक्स कार्डापाशी मात्र गाडी अडली. गेम नीट चालवणारं कार्ड घेतलं तर कॅबिनेटला, म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं त्या पेटीला, काही उरत नव्हतं.

"पॉवर सप्लाय हलका घेतला तर?" मी विचारलं.

"तिथे चिकटपणा केलात तर बाकीचंही जाळून घ्याल."

बाबा शेजारी उभे राहून एकेक भाग न्याहाळत होते. ते सुतार. "पेटीच ना?" ते म्हणाले. "ती मी करतो. तू कार्ड घे."

बाबांनी जोडलेल्या फळ्यांच्या सांध्यात नख शिरत नाही, ही त्यांची उभ्या जन्माची शान. कॅबिनेटही तसंच झालं. मागे वायरींपुरत्या खाचा, त्याही अगदी बेतून. मी भाग बसवले, पॉलिशवर हात फिरवला आणि घरभर मिरवून घेतलं. "यात दागिने ठेवायचे, तर वायरी कोंबल्यास," आई म्हणाली.

रविवारी दादा जरा कुठे बोलायला लागला आणि स्क्रीन काळी झाली. पुन्हा चालू केलं, पुन्हा काळी. वरची फळी चांगलीच तापली होती. मी दुकानदाराला फोन लावला.

"आत हवा कुठून जाते?" त्याने विचारलं.

मी बाबांकडे वळले. "बाबा, हे कपाट नाही हो! हवा नको का आत जायला?" बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

त्यांनी मला सगळे भाग बाहेर काढायला लावले आणि ड्रिल मशीन आणलं.

"राहू द्या बाबा. पैसे साठले की विकतचं आणू."

"तोवर तो कोणाशी बोलेल?"

मला वाटत होतं, हे फक्त मलाच माहीत आहे. बाबा आपल्याच गुळगुळीत फळ्यांना भोकं पाडत राहिले आणि मला इतकं भरून आलं की भुसा झाडायच्या निमित्ताने मी तिथेच बसून राहिले. असा बाप मिळाला, याहून काय मागायचं?

पुढच्या रविवारी कॉम्प्युटर सुरळीत चालला. "कसं जमवलंस?" दादाने विचारलं. मी सगळं सांगितलं. गेममधला त्याचा सैनिक मैदानात नुसता उभा राहिला आणि मारला गेला.

"बाबा आहेत का तिथे?" तो म्हणाला.

मी हेडफोन बाबांच्या कानांवर चढवले. ते स्टूल ओढून बसले आणि बराच वेळ नुसतं "हं, हं" म्हणत राहिले. मग म्हणाले, "झोप का लागत नाही रे तुला?"

मी हळूच दार ओढून घेतलं.