शेवटचा हात

माझे बाबा आयुष्यभर लोकांचे दात करत आले. त्यामुळे त्यांचा स्वतःचा पुढचा दात गेला, तेव्हा ते त्यांना फारच लागलं. स्टुलावरून उतरताना पाय अडकला आणि तोंड कामाच्या टेबलाच्या कडेवर आपटलं. वरच्या मधल्या दोन दातांपैकी उजवा मुळापर्यंत चिरला आणि काढावा लागला. बाबांनी त्या दिवशी टेबल करणाऱ्या सुताराला इतकी नावं ठेवली, की जणू टेबलच उठून त्यांच्या अंगावर आलं होतं.

आमची लॅब म्हणजे दोन खोल्या. तिथे पेशंट येत नाहीत. डॉक्टरांकडून डबे येतात, डब्यात दातांची मापं असतात. आम्ही त्यात प्लास्टर ओतून मॉडेल करतो, मॉडेलवर कॅप किंवा ब्रिज घडवतो आणि डबा परत पाठवतो. ज्याचे दात तो माणूस आम्हाला कधी दिसत नाही. बाबा तर माणसांना दातांवरूनच ओळखतात. "तो दात खाणारा आला होता का परत?" असं विचारतात, आणि तो म्हणजे झोपेत दात करकर वाजवणारा कुणीतरी, ज्याची कॅप तीनदा फुटली.

मी त्यांच्या हाताखाली शिकले. शिकले म्हणजे काय, ओरडा खाल्ला. लॅबचा एक नियम होता आणि तो अजूनही कुठे लिहिलेला नाही. मी दात कितीही मन लावून केला, तरी तो आधी बाबांच्या ट्रेमध्ये जायचा. ते दिव्याखाली धरायचे, जिभेने टकटक करायचे, बारीक दगड लावून कुठेतरी एक कड घासायचे आणि मगच तो डब्यात जायचा. याला ते शेवटचा हात म्हणायचे. इतक्या वर्षांत त्यांनी हात न लावता माझा एकही दात बाहेर गेलेला नाही. मी लग्नाला आलेल्या मुलीसारखी वाट बघायची, की कधीतरी बाबा म्हणतील, ठीक आहे, जाऊ दे.

गेली दोन वर्षं त्यांचा उजवा हात कापतो. फार नाही, पण दाताच्या कडेला तेवढंही पुष्कळ होतं. शेवटचा हात फिरवताना ते डाव्या हाताने उजवं मनगट धरतात. तरी कड कधी बोथट होते, कधी नको तिथे खाच पडते. मी बघून न बघितल्यासारखं करायची. हात फिरवून झाला की ते ट्रे माझ्याकडे सरकवून कोपऱ्यावर चहाला जायचे. तेवढ्या वेळात मी ती कड पुन्हा सारखी करायची, भट्टीत घालून चकाकी आणायची आणि ते यायच्या आत डबा बंद करायची. त्यांना एका शब्दाने बोलायची माझी हिंमत नव्हती.

तर दात गेला. आम्ही ज्यांचं काम करतो त्या डॉक्टरीणबाईंकडेच त्यांना घेऊन गेले. बाई वयाने माझ्याहून लहान आहेत, पण हात हलका आणि बोलणं सरळ.

"काका, एक तर काढता-घालता येणारी प्लेट," त्या म्हणाल्या. "नाहीतर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू. पण तुमचं तिथलं हाड पातळ आहे आणि साखर अजिबात आटोक्यात नाही. ती अशीच असेल तर मी स्क्रूच्या भानगडीत पडणार नाही. मग राहिला ब्रिज."

"म्हणजे शेजारचे दोन घासायचे."

"हो. दोघांवर कॅप, मध्ये तुमचा नवा दात, तिन्ही जोडलेले."

"ते दोन चांगले आहेत."

"चांगले आहेत म्हणूनच भार घेतील. पण मी लपवत नाही, एकदा घासले की ते परत येत नाहीत. पुढेमागे आतली नस दुखावली तर रूट कॅनाल करावं लागेल. आणि खालून रोज दोरा घालून साफ करावं लागेल, नाहीतर तेच दोन आधी किडतील."

"मला सांगताय?"

"तुम्ही मॉडेलवर केलेत, काका. तोंडात नाही."

यावर बाबा खुर्चीतून उठले. माझ्या आठवणीत त्यांना याआधी कुणी असं गप्प बसवलेलं नव्हतं, म्हणून मला जरा मजाच वाटली. परत येताना मात्र ते रस्त्यात थांबले. "आपल्याकडे डबा येतो तेव्हा दात आधीच घासलेले असतात," ते म्हणाले. "त्याआधी ते कसे होते, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. चांगल्या दाताला घासायचं हे पाप आहे. मला नको." आणि रुमाल तोंडावर धरून चालू लागले.

मी प्लेट करून दिली. ती त्यांनी आठवडाभर घातली आणि मग तिचा मुक्काम पाण्याच्या ग्लासात हलला. तोंडात चमचा ठेवून बोलल्यासारखं वाटतं म्हणाले. एकदा आईने ग्लास विसळायला घेतला आणि प्लेट बेसिनमध्ये गेली. ती हाताने वर काढताना आई जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही.

पण खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते मला उशिरा कळलं. मी शेजारच्याच गल्लीत राहते. एका दुपारी भाजी द्यायला गेले तर आई टेबलाशी एकटी जेवत होती.

"बाबा कुठे?"

"आत. ताट घेऊन आत जातात. भिंतीकडे तोंड करून जेवतात." आईने घास ताटात परत ठेवला. "चावताना वेडंवाकडं दिसतं म्हणे. मी काय यांचं तोंड आज पहिल्यांदा बघतेय? दात गेला तर गेला, माणूस का गेला मग?"

माझं डोकं फिरलं. मी तशीच आत गेले. बाबा खरंच पलंगाच्या कडेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते, शिक्षा केलेल्या पोरासारखे.

"बाबा, दोन दात वाचवायला आईला एकटी जेवायला बसवलंत तुम्ही," मी म्हणाले. "ते दोन दात घेऊन काय करणार आहात?"

त्यांनी ताट पलंगावर ठेवलं. मीच घाबरून घरी आले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी दिव्याचं बटण दाबता दाबता म्हटलं, "डॉक्टरांना विचार, घासायला कधी बोलावतात."

"ब्रिज आपण दोघं मिळून—"

"तू करायचास. स्वतःच्या तोंडात कुणाला शेवटचा हात फिरवता येतो का?"

मला कधीपासून हेच हवं होतं, त्यांनी हात न लावलेला दात. पण असा नको होता. माझ्या भरवशावर त्यांचे दोन धडधाकट दात जाणार होते, आणि माझं चुकलं तर ते सावरायला मागे कुणी नव्हतं.

घासायच्या दिवशी मी खुर्चीजवळ उभी होते. असले खुंट मी रोज बघते, पण प्लास्टरचे. बाबांच्या तोंडातले ओले होते, पिवळसर, आणि कडेला रक्त. पांढरे धिप्पाड दोन दात बघता बघता दोन काड्या झाले. बाबांनी डोळे मिटले नव्हते, ते छताकडे बघत होते. डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं, तात्पुरत्या कॅप लावल्या आणि डबा माझ्या हातात दिला. डब्यावर पेशंटचं वय लिहायची रीत आहे. तिथे बाईंनी नुसतं 'काका' लिहिलं होतं.

आता मी काय केलं ते ऐका. आमच्या वरच्या फळीवर एक जुनं मॉडेल आहे. बाबा हे काम शिकत होते तेव्हा सराव म्हणून त्यांनी स्वतःच्याच दातांचं माप घेतलं होतं. मी ते खाली काढलं, धूळ झटकली, आणि माझा जीव हरखला. तो गेलेला दात तिथे जसाच्या तसा होता, शेजारचे दोघेही. कडा टोकदार, पुढचा भाग भरीव. मला वाटलं, मी बाबांना त्यांचाच दात परत देईन. नवा नाही, त्यांचाच.

मी जीव ओतला. धातूच्या सांगाड्यावर पोर्सेलीनची पूड ब्रशाने थर थर चढवली, भट्टीत भाजली, पुन्हा चढवली. जुन्या मॉडेलशी ताडून बघितलं तर केसाचाही फरक नव्हता. वरचं आणि खालचं मॉडेल आम्ही बिजागरीच्या चौकटीत बसवतो. त्यात मिटून बघितलं, नीट मिटत होतं. चकाकी द्यायची तेवढी ठेवली आणि तोंडात घालून बघायला आम्ही दवाखान्यात गेलो.

"काय सुंदर दात केलेत," बाई म्हणाल्या, आणि खरंच सुंदर होते. बाबांनी आरसा घेतला. त्यांनी ओठ वर केले आणि मला एकदम काहीतरी खटकलं. तीन दात विशीतले आणि बाकी सगळे सत्तरीकडे झुकलेले. म्हाताऱ्या माणसाने मुलाचा शर्ट घातल्यासारखं दिसत होतं.

बाबांनी जबडा मिटला, मग पुढे सरकवला. टक्. पुन्हा सरकवला, पुन्हा टक्. त्यांनी हात पुढे केला आणि बाईंनी न बोलता त्यात निळ्या कागदाची पट्टी दिली. ती चावून त्यांनी दात दाखवले. नव्या तिन्ही दातांच्या कडांवर, जिथे खालचे दात आपटत होते तिथे, निळे डाग उमटले होते. बिजागरीला फक्त उघडमीट कळते, माणूस पुढेमागेही चावतो. सगळं आयुष्य चावून चावून खालचे दात झिजले होते आणि मी वर टोकदार कडा लावून बसले होते.

"फळीवरचं मॉडेल बघून केलंस," बाबा म्हणाले.

"हो."

"वाटलंच. चांगला होता तो दात." त्यांनी आरसा खाली ठेवला. "पण हे तोंड त्या पोराचं नाही गं."

रागावले असते तर बरं झालं असतं. माझे डोळे भरून आले आणि बाई उगीचच काहीतरी शोधायला खण उघडू लागल्या. मला कळत होतं मी काय केलं ते. ज्याचा हात कापत नव्हता त्या बाबांसाठी मी दात केला होता. समोर बसलेल्यांसाठी नाही.

बाबांनी ब्रिज काढून माझ्या तळहातावर ठेवला. शेजारच्या टेबलावर घासायचं यंत्र होतं. त्यांची नजर सवयीने तिकडे गेली, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. तो त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता.

"शेवटचा हात तू फिरव," ते म्हणाले. "निळं दिसेल तेवढंच काढ."

मी काढलं. घासलं, तोंडात घातलं, निळी पट्टी लावली, पुन्हा घासलं. टोकदार कडा सपाट झाल्या. टक् थांबलं. मग लॅबमध्ये आणून मी ते दात जुने केले. मुळाशी चहाचा पिवळसर रंग दिला, मधल्या दातावर एक केसाएवढी उभी रेष ओढली, कारण शेजारी उरलेल्या त्यांच्या दातांवर तशा रेषा आहेत. एका कोपऱ्याला बारीकशी खाच ठेवली. हे करताना मी जुन्या मॉडेलकडे एकदाही बघितलं नाही. ते परत फळीवर चढवलं होतं.

ब्रिज चिकटला त्या दिवशी बाबा आईसमोर जेवायला बसले. आईने बराच वेळ निरखून बघितलं. "कुठला नवा आहे?" तिने विचारलं. बाबांनी सांगितलं नाही. "मग पैसे वाया गेले म्हणायचे," आई म्हणाली, आणि बाबा हसले, रुमालाशिवाय. मी उठून पाणी आणायला गेले, कारण तिथे बसून रडणं शोभलं नसतं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. एका दाढेची कॅप मी पूर्ण केली आणि नेहमीसारखी त्यांच्या ट्रेमध्ये ठेवली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, फिरवून बघितली. जीभ स्वतःच्या नव्या दातावरून एकदा फिरवली. दगडाला हात लावला नाही. कॅप डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

मी वाट बघत राहिले. ते उठले नाहीत. चष्मा पुसत बसले.

"चहाला नाही जायचं का?" मी विचारलं.

"आता कशाला जायचं?" बाबा म्हणाले. "दोन वर्षं दिवसातून चारदा गोड चहा पितोय मी. डॉक्टर साखरेच्या नावाने ओरडतात ते उगीच नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चष्मा मांडीवर ठेवून पुसतच होते, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला कड सारखी करायला वेळ मिळावा म्हणून हा माणूस रोज उठून बाहेर जात होता, आणि मी आपली त्यांच्यापासून लपवत होते.

माझी कॅप हात न लागता डब्यात गेली होती. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. मी झाकण उघडलं, कॅप बाहेर काढली आणि परत त्यांच्या ट्रेमध्ये ठेवली.

"बाबा," मी म्हणाले, "ही कड जरा बघता का?"