काचेजवळचा झेंडू

आश्विन उजाडला तरी खाडीकाठची हवा कोरडी झाली नव्हती. पाऊस गेला होता, ओलावा मागे रेंगाळला होता; जांभ्याच्या भिंतींवर, कपाटातल्या वह्यांवर, मिठाच्या बरणीत. क्षारगंधी, जलभारित, मंदगती वारा कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिरे आणि तिथेच बसून राही.

त्या ओलाव्याशी शाल्मली सहा वर्षे भांडत होती. काचेच्या तुकड्यावर पेरोव्हस्काइटचा कृष्णवर्ण थर, केसाहूनही पातळ. ऊन पिऊन वीज देणारा, आणि बाष्पाच्या स्पर्शाने पिवळा पडून मरणारा. किती काचा अशा गेल्या, तिने मोजायचे सोडले होते. दिव्याखालच्या कोरड्या, बंद पेटीत ही एक टिकली होती. हजार तास काळी राहिली की प्रबंध पुरा. शिपाई यशवंतमामा रोज सकाळी फळ्यावर तासांचा आकडा लिहीत, घरच्या लेकराची उंची भिंतीवर नोंदवावी तसा.

दसऱ्याच्या सकाळी शाल्मली आली. फळ्यावर कालचे नऊशे सत्तर; आज नऊशे चौऱ्याण्णव. उरले सहा.

काल खंडेनवमी झाली होती. यंत्रायंत्रावर हळदकुंकू होते, फुले होती. आणि बंद पेटीत, काचेला खेटून, एक झेंडू. पाणी शिंपडलेला, टवटवीत, पीतवर्ण.

काचही पीतवर्ण.

ज्या ओलाव्यावर फूल रात्रभर जगले, त्यानेच काच मेली होती.

"बाय, रातदिस खपत्येस," मागून मामा म्हणाले. "म्हणून तुज्या पेटीत आतमदी फूल वाह्यलंय. हात धुऊनच उघडली हो."

तिला राग आला. आला, आणि टेकायला जागा न मिळाल्यासारखा तसाच निघून गेला. सहा वर्षांच्या शिणापुढे त्याचे काही चालेना. पेटी उघडू नका, हे तिने साऱ्या विद्यार्थ्यांना बजावले होते. मामांना सांगायचे राहिले होते.

मामांनी सवयीने खडू उचलला. तिने तो हळूच काढून घेतला, कालचा आकडा पुसला आणि शून्य लिहिले.

मामांनी शून्य पाहिले. काच पाहिली. मग पुढे होऊन फूल उचलले.

"बाय..." ते म्हणाले.

"हवाच दमट आहे, मामा," ती म्हणाली.

तिने नवी काच घेतली. धुतली, पुसली, वाळवली. पेटीपासून लांब, दारापाशी, मामा उभे राहिले. एका मुठीत तो झेंडू, दुसऱ्या हाताने तोंडावर रुमाल, आपला श्वाससुद्धा आत जाऊ नये म्हणून.