मोरपिसाचे डोळे

ईस्टरची सुट्टी बहिणीकडे काढून वेंडेलीन परतला तो थेट बंद स्टेशनामागच्या सायडिंगवर, आपल्या जुन्या रेल्वेडब्याकडे गेला. बॅगसुद्धा घरी टाकली नाही. डब्याशी गावचं अख्खं अग्निशमन दल हातात बिअर घेऊन उभं होतं. त्याला पाहताच त्यांनी वाढदिवसाचं गाणं सुरू केलं.

त्याची नजर डब्यावर गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

या डब्यात त्याने उमेदीची सगळी वर्षं तिकिटं तपासली होती. तेव्हा असल्या डब्यांना रंग नसायचाच. नुसतं उघडं पोलाद. लोक त्यांना चांदीची नाणी म्हणायचे. खिडक्यांखाली चरे दिसू नयेत म्हणून गोल ब्रश फिरवून नक्षी काढलेली, मोरपिसातल्या डोळ्यांसारखी. मेख्टिल्ड रोज याच गाडीने कामाला जायची आणि चढण्याआधी त्या डोळ्यांवरून बोट फिरवायची. तिथेच दोघांचं जमलं, लग्न झालं. पुढे कुणा दीडशहाण्याच्या डोक्यात आलं आणि सगळ्यावर लाल रंग थापला गेला. बायको वारल्यावर वेंडेलीनने एकच ध्यास घेतला: ते डोळे पुन्हा बघायचे. रंग औषधाने मऊ करायचा आणि लाकडी पट्टीने वीत वीत उतरवायचा. दोन हिवाळे खपून त्याने अर्धी बाजू मोकळी केली होती.

आता डबा नव्या पातेल्यासारखा गुळगुळीत चकाकत होता.

"बंद करा ते गाणं!" तो किंचाळला.

दलाचा प्रमुख रुपर्ट, त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याने जीभ चावली. "च्यायला, वाढदिवस उद्या नाही का! आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या की घात होतो. चुकलं रे बाबा. उद्या पुन्हा गाऊ."

"खड्ड्यात गेला वाढदिवस! खिडक्यांखाली काय केलंत?"

"रंग काढला सगळा. तू म्हातारा एकटा किती घासत बसणार? पोरांनी ग्राइंडर लावले. सणाला जेवायलासुद्धा घरी गेली नाहीत, लेका!"

"आणि रंगाखाली जे होतं ते?"

रुपर्टचा चेहरा खुलला.

"ते गोल गोल डाग ना? हरामखोर निघता निघेनात! तुलाही जमले नव्हते, बघितलं मी. पण आम्ही एक शिल्लक ठेवला नाही."