मातीचा कोंबडा

तळ्याकाठच्या कोपाकबानाहून परतीची बस सुटली तरी माझा राग उतरला नव्हता. दर ऑगस्टला आम्ही दोघं खाणीच्या गावातून दोन बस बदलून इथं येतो, टेकडी चढतो आणि वर्षभरात जे हवं असेल त्याचं इवलंसं रूप विकत घेऊन धुपावर धरून आणतो. घर हवं तर चिमुकलं घर, गाडी हवी तर चिमुकली गाडी. फक्त आपलं आपण विकत घ्यायचं नाही, ते फळत नाही. म्हणून माझा नवरा फ्रोइलान माझ्यासाठी घेतो, मी त्याच्यासाठी, आणि धूप दाखवून होईपर्यंत पुडकं सोडायचं नाही.

यंदा या बाबानं पहिल्याच वळणावर बसकण मारली. "गुडघे गेले गं, नेमेसिया. तूच ने दोन्ही पुडकी."

आळशी, म्हातारा रेडा, तोंडाला येईल ते बोलले आणि एकटी वर गेले. यातिरीनं, म्हणजे धूप दाखवणाऱ्या आमच्या पुजाऱ्यानं, पुडक्यांवर बिअर शिंपडली. "मनापासून माग, बाई," म्हणाला. मी डोळे मिटून मागितलं, आत काय आहे ते माहीत नसताना.

"सोड आता तुझं पुडकं," मी बसमध्ये त्याला म्हटलं.

त्याच्या पुडक्यात मिनीबस होती. खाण सोडून स्वतःची गाडी चालवायची हे त्याचं जुनं वेड. त्यानं तिची चाकं बोटानं फिरवली, "छान आहे," म्हणाला आणि खिडकीबाहेर तळ्याकडं बघत बसला. मग मी माझं सोडलं.

कोंबडा निघाला. लाल तुऱ्याचा, मातीचा.

आमच्याकडं असा कोंबडा देतात तो बिनलग्नाच्या पोरीला, नाहीतर विधवेला. नवरा मिळावा म्हणून. पलीकडच्या सीटवरची फळवाली फिस्सकन हसली. "बाई, मग हा शेजारी बसलाय तो कोण? भाडेकरू?"

सगळी बस हसली. माझं तोंड तापलं.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"कोण कुठली?"

"मला दुसऱ्याच्या गळ्यात बांधून जिच्याकडं निघालायस ती! सांग, सगळ्यांसमोर सांग!"

"हळू बोल गं. कुणी नाही." त्यानं माझा हात धरला. त्याचा हात गार होता. "छातीत धूळ बसलीय, खाणीची. डॉक्टर म्हणाले, पुढच्या ऑगस्टचं सांगता येत नाही."

त्यानं कोंबड्याच्या तुऱ्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"तुला एकटीला नाही जमायचं, नेमेसिया. भांडायला कुणीतरी लागतं तुला."

बसमध्ये आता कुणी हसत नव्हतं. फळवालीनं मान खाली घातली. माझ्या डोक्यात एकच: गुडघे नव्हते ते. हा खाली धापा टाकत बसला होता, आणि मी वर जाऊन, डोळे मिटून, स्वतःच्या तोंडानं दुसरा नवरा मागून आले होते. मी कोंबडा पोटाशी धरून उठले.

"ओ मास्तर, थांबवा! आम्हाला उतरायचंय!"

"इथं कुठं, मावशी?" ड्रायव्हर ओरडला. "पुढं होडीनं तळं ओलांडायला सगळ्यांनाच उतरायचंय की!"

"इथंच! थांबवा म्हणते ना!"

बस धूळ उडवत निघून गेली. रस्त्यावर आम्ही दोघंच राहिलो, वारा कापत होता. मी माझी शाल काढून त्याच्या छातीभोवती आवळली आणि उलट्या दिशेनं येणाऱ्या बसला हात केला.

"वेड लागलंय का तुला?" त्याला धाप लागली होती. "मला नाही चढवणार ती टेकडी."

"तुला कोण चढ म्हणतंय? तू खाली बस. मी जाते वर. मघाशी नुसता नवरा मागितला, नाव सांगायचं राहिलं."