ब्रेक खराब होता

संघदीपची गाडी उत्तमसिंगच्या गॅरेजात जॅकवर चढली, तोवर उर्वशीचा उजवा हात गळ्यात बांधल्याला अकरा दिवस झाले होते. मधली दोन बोटं यवतमाळच्या डॉक्टरांना काढून टाकावी लागली होती.

संघदीप पांढरकवड्यात लग्नाचे फोटो काढायचा, उर्वशी घरी शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवायची. कॅमेरे, लाइट, स्टँड मोटरसायकलवर न्यायचे म्हणजे जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून मागच्या दिवाळीत त्याने मेव्हण्याची, आर्णीच्या धम्मरत्नची, जुनी गाडी घेतली. घ्या, घ्या म्हणून उर्वशीच मागे लागली होती.

हँडब्रेक पहिल्या दिवसापासून धरत नव्हता. दांडा कटकट करत पार वर यायचा आणि गाडी आपली खाली सरकायची. घर चढावर. त्यामुळे गाडी दारात आली की उर्वशीने उतरायचं, मागच्या चाकाला दगड लावायचा, मग संघदीपने ब्रेकवरचा पाय काढायचा, अशी रीतच पडून गेली. आज दाखवू, उद्या दाखवू करता करता लग्नसराई आली, आणि एका दुपारी चाक तिच्या हातावर आलं.

"वरून नट पुरा कसला, तरी पाहा," उत्तमसिंग म्हणाला. त्याने हँडब्रेक ओढला आणि अधांतरी असलेलं मागचं चाक एका बोटाने गरकन फिरवलं. मग चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ठोकून ठोकून सैल केला आणि आत टॉर्च मारली. संघदीपही वाकून पाहू लागला.

"काय झालं? केबल तुटली का?"

"तुटली नाई भाऊ. काढून ठेवली हाय." केबलचं जे टोक आत अडकवलेलं असायला हवं, ते बाहेरच होतं. लोंबू नये म्हणून कोणीतरी ते तारेने नीट बांधून टाकलं होतं. "जाम झाली असन, चाक तापत असन. नवीन टाकाची सोडून हा धंदा केला. विकणाऱ्याले मालूम असनच."

संघदीपच्या मस्तकात तिडीक गेली. तिथल्या तिथे त्याने फोन लावला.

"जय भीम भाऊजी. ताईचा हात कसा हाय?"

"हात गेला तिचा! केबल काढली होती तं सांगतलं काहून नाई मले?"

पलीकडे धम्मरत्न जरा घुटमळला. "ताईले सांगतलं होतं ना मी. ताईच म्हणे, यांले नको सांगू, नाई तं घेणार नाई. नंतर करून घेऊ म्हणे."

नवीन केबल टाकून होईपर्यंत संघदीप गॅरेजच्या ओट्यावर बसून राहिला. दोष कोणाचा ते आता सापडलं, असं त्याला वाटत होतं. अकरा दिवस छातीवर काहीतरी बसलं होतं, ते उतरल्यासारखं झालं होतं. घरापुढच्या चढावर त्याने हँडब्रेक ओढला. गाडी जागची हलली नाही.

उर्वशी खाटेवर बसली होती. डाव्या हाताने गणवेशाचं कापड घडी करून पाहत होती, घडी होत नव्हती.

"तुले मालूम होतं," तो दारातूनच म्हणाला. "भावाची गाडी खपावी म्हणून लपवलं तू."

तिने मान वर केली नाही. "हो. सहा महिने कोणी घेऊन नाई राह्यलं होतं त्याची गाडी. मले वाटलं, दगड लावला की भागते. मंग सांगाची हिंमतच झाली नाई."

"मंग भोग आता! सोताच्या हातानं केलं."

"भोगूनच राह्यली ना." उर्वशीने कापड बाजूला ठेवलं. "तुमी त्या दिवशी विचारलं, झालं का. मी थांबा म्हटलं होतं."

संघदीप दारातून आत आला.

"थांबा म्हटलं, आयकलं ना तुमी? तुमाले लग्नाचा फोन आलता. पाय कोनाचा होता ब्रेकवर?"

त्याला ते ऐकू आलं होतं. दवाखान्यात, तिच्या आईसमोर, शेजाऱ्यांसमोर त्याने एवढंच सांगितलं होतं, की गाडी सरकली. तीही तेव्हा काही बोलली नव्हती. आताही तिचा आवाज चढला नव्हता. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला भांडता तरी आलं असतं.

"परत नेऊन द्या हे," तिने कापडांच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं. "शाळा सुरू व्हाले आली. लोकं कुठवर वाट पाहतीन?"

चौदा पिशव्या होत्या. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात नाव आणि मापं. संघदीपने त्या मागच्या सीटवर रचल्या आणि घरोघर फिरला. पहिल्याच दारात विजयमालाबाईंनी पिशवी हातात घेत विचारलं, "अगंबाई, झालं तरी काय तिच्या हाताले?"

"गाडीचा ब्रेक खराब होता," तो म्हणाला.

उरलेल्या तेरा दारांतही त्याने हेच सांगितलं.